साडेचारशेवरचा नॉब आणि काळी बिट: एका सोल्डरिंग लाइनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातलं हे एक छोटं युनिट. अकरा माणसं, हाताने सोल्डरिंग करायची सहा टेबलं. सिंगल फेज पंपांच्या स्टार्टर पॅनेलमध्ये बसणारी कंट्रोल कार्डं इथे तयार होतात. बारीक एसएमडी भाग, म्हणजे पाय नसलेले, कार्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे, बाहेरून जॉबवर्कवर बसवून येतात. रिले, ट्रान्सफॉर्मर, टर्मिनल, व्हॅरिस्टर हे पायांचे भाग मात्र इथेच, हाताने. वेव्ह सोल्डरिंगचं, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून कार्ड नेणारं, मशीन परवडावं एवढं काम नाही. ओळख पटेल असे तपशील या लेखातून गाळले आहेत.

कार्ड दोन थरांचं आहे, पण मोटरचा प्रवाह थेट रिलेमधून जातो. त्यामुळे ट्रॅक, म्हणजे कार्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या, रुंद आणि तांबं ७० मायक्रॉनचं, म्हणजे नेहमीच्या ३५ मायक्रॉनच्या दुप्पट. एवढं तांबं जोडाला दिलेली उष्णता चहूबाजूंनी ओढून नेतं, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी इथूनच सुरू होतात.

सहाही टेबलांवर हाक्कोच्या ९३६ स्टेशनच्या धर्तीवर बनवलेली, बिननावाची स्टेशनं: २४ व्होल्ट, ५० वॅट, समोर २०० ते ४८० अंशांचा नॉब. या प्रकारात सिरॅमिकचा हीटर दांडीत असतो, तापमानाचा सेन्सर त्या हीटरच्याच पोटात असतो आणि बिट, म्हणजे सोल्डर वितळवणारं धातूचं टोक, त्यावर टोपीसारखी चढवलेली असते. म्हणजे स्टेशनला कळतं ते हीटरचं तापमान. बिटच्या टोकाला काय चाललं आहे ते त्याला थेट कळत नाही.

अनेक वर्षं इथे ६३/३७ सोल्डरची वायर वापरात होती: ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं, वितळबिंदू १८३ अंश. मग एका खरेदीदाराला त्याची पॅनेल युरोपात पाठवायची झाली. तिथे १ जुलै २००६ पासून आरओएचएसचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या मर्यादेचा, नियम लागू आहे, शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का. युनिटने वायर बदलली: ९९.३ टक्के कथील, ०.७ टक्के तांबं. तीन टक्के चांदीच्या वायरीपेक्षा ही बरीच स्वस्त, पण वितळते २२७ अंशांना. जुन्या वायरीपेक्षा ४४ अंश वर. बदललं ते एवढंच. बिट, स्पंज, नॉबची जागा, हातांच्या सवयी, तपासणीची नजर, सगळं जुनंच राहिलं.

अडचण

चार महिन्यांत तीन तक्रारी एकदम समोर आल्या.

पहिली बिटची. पूर्वी एक बिट दोन महिने चालायची. आता चार-पाच दिवसांत काळी पडत होती आणि सोल्डर तिला धरत नव्हतं. वायर टेकवली की सोल्डरचा मणी होऊन घरंगळून जायचा.

दुसरी जोडांची. २०० कार्डांच्या एका बॅचमध्ये ३१ कार्डं टच-अपला, म्हणजे जोड पुन्हा करायला, गेली, बहुतेक रिलेच्या पायांपाशी. साइटवरून परत आलेल्या काही कार्डांवर रिलेच्या पायाभोवती गोल भेग दिसली. याला सगळे ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

तिसरी सगळ्यात महाग. टच-अप करताना पॅडच, म्हणजे भागाचा पाय जिथे जोडतात ती कार्डावरची तांब्याची चकतीच, उखडत होती. जोड पुन्हा करता येतो, उखडलेलं पॅड मात्र कार्डच भंगारात घालतं.

यावर लाइनने स्वतःच एक उपाय शोधला होता: नॉब वर फिरवणं. सोल्डर वितळत नाही? ३८०. तरी नाही? ४२०. पाहणीच्या दिवशी सहापैकी चार नॉब ४५० वर होते. मालकांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते दोन नव्या मुलींचा हात अजून बसलेला नव्हता.

हे निदान चुकीचं होतं, आणि ते मोजमापाने सिद्ध झालं हे महत्त्वाचं. हाताने सोल्डरिंगच्या कामात दोष सर्वांत आधी हातावर येतो, कारण तिथे दिसतो तो हातच. बिटच्या टोकावरचे शंभर अंश कुणाला दिसत नाहीत.

तपासणीत काय सापडलं

बिटचं तापमान मोजायचं छोटं यंत्र मिळतं. त्यावर के-प्रकारच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांची, बारीक जोडणी असते, तिच्यावर बिट टेकवायची. बिटवर वितळलेल्या सोल्डरचा थेंब हवाच. कोरडी बिट टेकवली तर आकडा खूप खाली दिसतो. सहाही स्टेशनं ३५० वर लावली, दहा मिनिटं स्थिरावू दिली आणि वापरातल्याच बिटांनी मोजलं. टेबल १ ते ६ असे आकडे आले: ३४१, ३१८, ३५२, २९६, ३३३, ३०९.

सहा टेबलं, नॉब सगळीकडे एकाच जागी, आणि टोकात ५६ अंशांचा फरक. टेबल ४ वर बसणारी मुलगी ‘हात न बसलेल्या’ दोघींपैकी एक होती.

मग टेबल ४ ची बिट काढून नवी, कल्हई चढवलेली बिट घातली. नॉबला हात लावला नाही. आकडा ३३८ आला. हरवलेल्या ५४ अंशांपैकी ४२ एकट्या बिटनेच खाल्ले होते. जुनी बिट उलटी करून टेबलावर हलकेच आपटली तर आतून तपकिरी भुकटी पडली. हीटर आणि बिट यांच्यामधला हा गंज उष्णतेची वाट अडवतो. बाहेर टोकावर ऑक्साइड आणि जळलेल्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून वायरीत भरलेल्या राळेचा, काळा थर होता, त्याने उरलेली वाट अडवली.

दुसरी चाचणी भंगारातल्या कार्डावर केली. रिलेच्या पॅडला बारीक थर्मोकपल जोडला आणि पॅड किती तापतं ते पाहिलं. जुनी शंकूच्या टोकाची काळी बिट, नॉब ४५० वर: पाच सेकंदांनी पॅड २१२ अंश. सोल्डर वितळतं २२७ ला! म्हणजे नॉब साडेचारशेवर असताना पॅड सोल्डरच्या वितळबिंदूपर्यंतही पोहोचत नव्हतं. ऑपरेटर वायर बिटला लावत होत्या, सोल्डर बिटवर वितळून पायावर ओघळत होतं आणि थंड पॅडवर गोठत होतं. वरून जोड भरलेला दिसायचा, खाली पकड नव्हती. गोल भेगेचं मूळ हेच.

तीच चाचणी नव्या शंकू बिटने, ३५० वर: चार सेकंदांनी २२५. नव्या ३.२ मिलिमीटरच्या चपट्या, छिन्नीसारख्या बिटने, ३६० वर: तीन सेकंदांनी २५१.

शंकूचं टोक पॅडला सुईसारखं एका बिंदूत टेकतं, छिन्नीची धार पूर्ण रुंदीने. हीटर तोच आणि नॉब जवळपास तिथेच असला तरी उष्णता जायची वाट रुंद झाली की पॅड वेळेत तापतं. हाताने सोल्डरिंगमध्ये बिटचा आकार हा तापमानाचाच एक नॉब आहे, आणि तो इथे कुणीच फिरवला नव्हता.

टेबलांवरच्या बाकीच्या गोष्टी तितक्याच बोलक्या होत्या. चार टेबलांवरचे स्पंज बोअरच्या पाण्याने ओले केलेले, कडांना पांढरे क्षार. तो क्षार बिटवर बसतो आणि भाजून घट्ट होतो. दोन टेबलांवरचे मूळ पिवळे सेल्युलोजचे स्पंज कधीच हरवले होते, तिथे भांडी घासायच्या घासणीचे तुकडे होते. घासणीचा फोम बिटवर वितळून चिकटतो. तिच्या हिरव्या बाजूत घासायचे कण असतात, ते बिटचा लोखंडी मुलामा खरवडतात. टेबल २ च्या खणात बारीक पॉलिश पेपर सापडला. काळी बिट ‘उजळायला’.

बिटची रचना माहीत नसली की पॉलिश पेपर योग्यच वाटतो. आत तांबं, कारण ते उष्णता झटकन वाहतं. पण वितळलेलं कथील तांबं विरघळवून खातं, म्हणून तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो. मागच्या बाजूला सोल्डर चढू नये म्हणून क्रोम असतो. सोल्डर धरायचं काम त्या पातळ लोखंडी थराचं. पॉलिश पेपरने तो फाटला की दोन-तीन दिवसांत टोकाला खड्डा पडतो आणि तांबं दिसू लागतं. अशा बिटला कोणताच उपाय नाही.

नव्या वायरीने हा मुलामा तसाही लवकर झिजतो. लोखंडही कथिलात हळूहळू विरघळतं. जुन्या वायरीत कथील ६३ टक्के होतं, आता ९९ च्या वर. त्यात तापमान वाढवलं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या.

आता चक्र स्पष्ट झालं. बिट मळते, उष्णता पोहोचत नाही, ऑपरेटर नॉब वर करते. वर केल्याने लोखंड वेगाने ऑक्साइड होतं, वायरीतला राळेचा फ्लक्स काम करायच्या आधीच जळून कोळसा होतो आणि बिट आणखी मळते. प्रत्येक वेळी नॉब फिरवणं त्या क्षणी शहाणपणाचंच वाटतं, कारण पुढचे दहा मिनिटं खरंच काम चालतं.

एक सवय, जवळून पाहिलेली

टेबल ५ वर सर्वांत अनुभवी ऑपरेटर बसतात, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांचा हात अतिशय स्वच्छ. जोड झाला की त्या बिट स्पंजवर दोनदा पुसायच्या, चांदीसारखी लख्ख करायच्या आणि मग स्टँडमध्ये ठेवायच्या. नव्या मुलींना त्यांनी हेच शिकवलं होतं.

बिट मरण्याचं हेच सर्वांत मोठं कारण निघालं. लख्ख पुसलेली बिट म्हणजे उघडं, तापलेलं लोखंड. पुढचा भाग कार्डात घालून पाय वाकवेपर्यंत वीस-तीस सेकंद ते लोखंड हवेत उभं. असं दिवसातून कित्येक वेळा.

हे ताईंना समजावताना कल्हईचा दाखला कामी आला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, कारण कथिलाचा थर गेला की धातू उघडा पडतो. बिटचंही तसंच. वितळलेल्या सोल्डरचा थर लोखंड आणि हवा यांच्या मध्ये राहिला पाहिजे. तो थर ‘घाण’ नाही, ते पांघरूण आहे. पुसायचं ते पुढचा जोड करायच्या अगदी आधी. ठेवताना पुसायचं नाही, उलट ताजं सोल्डर लावून ठेवायचं.

ताईंनी हे एका दिवसात उचललं. नव्या मुलींना वेळ लागला, कारण त्यांच्या डोक्यात स्वच्छतेचा धडा पक्का बसला होता.

कोणते पर्याय तोलले

मालकांचा पहिला कल नव्या स्टेशनांकडे होता, ज्यांत हीटर आणि सेन्सर दोन्ही बिटच्याच कांडीत असतात. सेन्सर टोकाजवळ असल्याने जोडाने उष्णता ओढली की ते लगेच भरपाई करतं. जाड तांब्यासाठी हा खरोखर चांगला मार्ग. पण एक कांडी जुन्या बिटच्या कित्येक पट किमतीची, आणि सवयी न बदलता सहा टेबलांवर त्या कांड्या दिल्या असत्या तर त्याही तितक्याच लवकर काळ्या पडल्या असत्या. निर्णय झाला: एकच घ्यायचं, ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंगच्या मोठ्या टर्मिनलसाठी. बाकी पाच टेबलं आहेत त्यावरच सुधारायची.

दुसरा पर्याय देशातल्या कार्डांसाठी पुन्हा ६३/३७ वायर आणण्याचा. सोल्डरिंग सोपं झालं असतं. पण एकाच खोलीत दोन वायरी म्हणजे एक ना एक दिवस शिशाची बिट युरोपच्या कार्डावर जाणारच. बिटवर राहिलेलं थोडं शिसंसुद्धा त्या जोडाला ०.१ टक्क्याच्या वर नेऊ शकतं. सहा टेबलांच्या युनिटमध्ये हे वेगळं ठेवणं कठीण. नाकारला. शिशाच्या वायरीवर वापरलेले जुने स्पंज, पितळी जाळ्या आणि बिटही याच कारणाने एकदम टाकून दिल्या.

एकाने साध्या २५ वॅटच्या दांड्या आणि पंख्याचा डिमर सुचवला. त्याने शक्ती कमी-जास्त होते, तापमान धरलं जात नाही. शिवाय साध्या दांडीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाबरोबर बदलते: २३० व्होल्टला २५ वॅट असेल तर १९० व्होल्टला साधारण १७ च उरतात. संध्याकाळी व्होल्टेज उतरणाऱ्या भागात हे काही कामाचं नाही.

नवसागराचा विचारही झाला. कल्हईवाला नवसागर वापरतो, आणि उघड्या तांब्याच्या जुन्या बिटांवर तो चालायचाही. पण त्यातला क्लोराइड कार्डावर गेला तर पुढे ट्रॅक खातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर त्याला जागा नाही.

काय केलं, कोणत्या क्रमाने

आणि इथेच पहिली चूक झाली. सुपरवायझरने मोजणीचे आकडे पाहिले आणि त्याच संध्याकाळी स्टेशनच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे नॉबचा आकडा टोकाच्या तापमानाशी जुळवायचे, स्क्रू फिरवून सगळी ३५० वर आणली. बिट मात्र जुन्याच होत्या. दोन दिवसांनी नव्या बिट आल्या, त्या घातल्या आणि टेबल ४ चं टोक थेट ३९० च्या पुढे गेलं. पहिल्याच तासात दोन पॅडं उखडली. मळलेल्या बिटने खाल्लेले अंश स्क्रूने भरून काढले होते. बिट स्वच्छ झाली तेव्हा ते अंश वरचे होऊन बसले.

मग सगळं पुन्हा केलं, या वेळी बरोबर क्रमाने. आधी हीटर थंड करून दांडीतली भुकटी झटकली. नव्या बिट घातल्या. त्यातल्या तीन हीटरवर सैल बसत होत्या, बोट लावलं की हलायच्या. स्वस्त पाकिटातल्या होत्या. त्या परत केल्या. बिट हीटरच्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे आणि नटाने पकडल्यावर हलता कामा नये. मग २५० पासून हळू तापवत, वितळायला लागताच प्रत्येक बिटच्या टोकावर राळेची वायर गुंडाळून पहिली कल्हई चढवली. नवी बिट कोरडीच ३५० वर नेली तर पहिल्या दोन मिनिटांतच तिचं टोक निळसर होतं. त्यानंतर १० मिनिटं थांबून मोजणी, स्क्रूला अगदी थोडा फेर, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजणी. सहाही स्टेशनं ठरवलेल्या आकड्याच्या आठ अंशांच्या आत आली. नॉबची जागा नेलपेंटच्या ठिपक्याने दाखवली.

ठरलेली मापं अशी: रिले आणि टर्मिनलला ३.२ मिलिमीटरची छिन्नी, ३६० अंश. व्हॅरिस्टर आणि बारीक पायांना १.६ ची छिन्नी, ३५० अंश. ट्रान्सफॉर्मर आणि अर्थ टर्मिनल नव्या स्टेशनवर, ३८० अंश. शंकूच्या बिट खणातून काढूनच टाकल्या. जोडाची कृतीही लिहून टेबलावर लावली. बिट पुसा. बिटवर सोल्डरचा छोटा थेंब घ्या, म्हणजे उष्णतेला पूल मिळतो. पॅड आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा. एक सेकंदाने वायर बिटला न लावता समोरच्या बाजूने पॅडला लावा. भरलं की आधी वायर काढा, मग बिट. एकूण तीन सेकंद, पाचच्या वर कधीच नाही. दाबायचं नाही. दाबल्याने उष्णता वाढत नाही, पॅड मात्र सैल होतं, कारण साधं एफआर-४, म्हणजे कार्डाचं काचतंतूचं पत्र, साधारण १३०-१४० अंशांनंतरच मऊ पडू लागतं.

पुसायला पितळेच्या तारेची जाळी आणली. ती लोखंडापेक्षा मऊ, आणि ओल्या स्पंजसारखी बिट दर वेळी थंड करत नाही. स्टीलची घासणी दिसायला तशीच असते, पण ती मुलामा कापते. म्हणून जाळी घेताना चुंबक लावून पाहायचं ठरलं. ज्यांना स्पंजच हवा होता त्यांना सेल्युलोजचा दिला आणि सोबत बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन. स्पंज भिजवून पिळायचा, दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. थबथबलेल्या स्पंजवर बिट चुरचुरते, तापमान खाली जातं आणि मुलाम्याला झटका बसतो.

नव्या वायरीवर काळ्या झालेल्या बिटांपैकी काही वाचल्या. पद्धत अशी: नॉब ३०० वर, जास्त नाही, कारण तापमान जितकं वर तितक्या वेगाने टोक पुन्हा काळं होतं. जाळीत फिरवा, लगेच राळेची जाड वायर वितळवा, पुन्हा जाळीत, पुन्हा वायर. पाच-सहा फेऱ्यांत चांदीसारखे ठिपके दिसू लागतात आणि पसरत जातात. तरी धरलं नाही तर टिप टिनरच्या डबीत टोक दोन सेकंद फिरवून पुसायचं आणि लगेच सोल्डर लावायचं. टिनरमध्ये सोल्डरच्या भुकटीबरोबर सौम्य आम्ल असतं, म्हणून रोज वापरायची ती वस्तू नाही. खड्डा पडलेल्या नऊ बिट सरळ टाकल्या.

जेवणाच्या सुट्टीचं साधं होतं. पाऊण तास सहाही स्टेशनं तापलेली राहायची. या स्टेशनांना आपोआप झोपायची सोय नाही, आणि पुन्हा तापायला एक-दोन मिनिटंच लागतात. आता सुट्टीची घंटा झाली की आधी बिटवर सोल्डर, मग बटण बंद.

शेवटी तपासणीची नजर. टच-अपला गेलेल्या ३१ कार्डांवरचे जोड भिंगाखाली पाहिले तर १२ कार्डांवर दोषच नव्हता. शिशाचा जोड चमकतो. ही नवी वायर थंड होताना मंद, किंचित दाणेदार दिसते. तपासणाऱ्याने वर्षानुवर्षं ‘मंद म्हणजे ड्राय’ हे शिकलेलं, म्हणून त्याने चांगले जोड परत पाठवले. त्यातली काही पॅडं टच-अपमध्येच उखडली होती. आता चमक पाहत नाहीत, कड पाहतात: सोल्डरची कड पायावर आणि पॅडवर पातळ होत विरली आहे की कपाळावरच्या घामाच्या थेंबासारखी फुगून उभी आहे. शिवाय भोक वरून किती भरलंय ते. किमान ७५ टक्के उंचीपर्यंत भरलं पाहिजे, हा आयपीसी या इलेक्ट्रॉनिक जोडणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा आधार.

परिणाम

पहिल्या आठवड्यात कामाचा वेग पडला. सगळ्यांना कृती नवी होती आणि पुसायची वेळ बदललेली. मालकांनी त्या आठवड्यापुरती तासाला किती कार्डं हे मोजणं थांबवलं. हा निर्णय त्यांना जड गेला, पण तो न घेता बाकीचं काहीच टिकलं नसतं. मागे आकडा लागला की हात नॉबकडेच जातो.

तिसऱ्या आठवड्यात वेग पूर्वीइतका झाला. २०० कार्डांच्या पुढच्या बॅचमध्ये टच-अप ७ कार्डांचा होता, उखडलेलं पॅड एकही नाही. बिट पाच-सहा आठवडे चालू लागली. शिशाच्या काळातले दोन महिने परत आले नाहीत, आणि येणारही नाहीत. कथील जास्त असलेल्या वायरीची ती किंमत आहे, ती आता महिन्याच्या खरेदीतच धरली जाते. धूरही कमी झाला. राळेचा धूर श्वसनाला त्रास देतो, दम्याचं कारणही ठरू शकतो, आणि ४५० अंशांवर तो कितीतरी जास्त निघायचा. तरीही प्रत्येक टेबलावर धूर ओढणारा पंखा बसवला.

टेबल ४ वरच्या मुलीचे जोड पुढच्या तपासणीत सहा टेबलांत दुसऱ्या क्रमांकाचे निघाले.

राहिलेल्या सातपैकी तीन कार्डांचं कारण बिट नव्हतंच. रिलेचे पाय जुन्या साठ्यातले, करडे पडलेले होते. त्यांना सोल्डर धरत नव्हतं. उरलेली चार अर्थच्या टर्मिनलची. तिथे पॅड थेट रुंद तांब्यात बुडालेलं आहे, उष्णता अडवणाऱ्या चार काड्यांची रचना नाही. ३८० वर, नव्या स्टेशननेसुद्धा, वरच्या बाजूपर्यंत सोल्डर चढायला सहा-सात सेकंद लागतात. सध्या कार्ड खालून तापवायच्या प्लेटवर १०० अंशांपर्यंत नेऊन तो जोड करतात. खरा उपाय डिझाइनमध्ये आहे, आणि तो पुढच्या कार्डाच्या वेळी होईल.

काय वेगळं करता आलं असतं

वायर बदलायच्या आधी २० कार्डांची चाचणी घेतली असती तर चारही महिने वाचले असते. नव्या वायरीचा पुरवठादार वितळबिंदू आणि शिफारस केलेलं बिटचं तापमान कागदावर देतो. तो कागद खरेदीच्या फाइलमध्ये होता, टेबलापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

तापमान मोजायचं यंत्र सहा महिने आधी घेतलं असतं तर दोन मुलींना चुकीचं बोलणं ऐकावं लागलं नसतं. यंत्राची किंमत भंगारात गेलेल्या काही कार्डांइतकीच होती. त्याचा सेन्सर झिजतो आणि ठराविक मोजण्यांनंतर बदलावा लागतो, हे मात्र खरेदीच्या वेळीच धरून चालावं. जळका सेन्सर खोटा आकडा देतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॅलिब्रेशनचा स्क्रू बिट बदलायच्या आधी फिरवला ही चूक पूर्ण टाळता येण्यासारखी होती. आता नोंदवहीत दर सोमवारच्या रकान्यात क्रम लिहिला आहे: बिट बाहेर, भुकटी झटका, बिट तपासा, खड्डा असेल तर बदला, कल्हई, मोजणी, आणि त्यानंतरच स्क्रू. फरक १० अंशांच्या आत असेल तर स्क्रूला हात लावायचाच नाही.

तपासणाऱ्याला नव्या वायरीचे दोन नमुने, एक चांगला जोड आणि एक वाईट, पहिल्याच दिवशी समोर ठेवायला हवे होते. ते आता टेबलावर काचेखाली चिकटवलेले आहेत. चांगला जोड ताईंनी केलेला. वाईट जोड मुद्दाम काळ्या बिटने, नॉब ४५० वर ठेवून केलेला.